लाल दुपट्टेवाला कॅमेरामन

वणीतल्या कुठल्याही मंगल कार्यालयात ऐन मुहूर्ताला एक माणूस दारातल्या खुर्चीवर चढून लाल दुपट्टा हलवताना दिसला, तर त्याला वेडा समजू नका राजेहो. तो संघदीप भगत. त्या लग्नाचा कॅमेरामन तोच असतो, आणि बाहेर जेवणाच्या शामियान्यात लावलेला भला मोठा पडदाही त्याचाच. आता पडदा आपणच लावायचा आणि वर आपणच ओरडायचं, "पडद्याकडं नोका पाहू! इकडं पाहा, दुपट्ट्याकडं!" याला काय म्हणावं? वरबाप डोळे वटारतो, करवल्या तोंडाला पदर लावून हसतात. पण पडदा मांडवाच्या जरा मागं चालतो हे खरं आहे. आत शेवटचं 'सावधान' होऊन वाजंत्री सुरू होते, तरी बाहेरचे लोक पडद्यावर भटजीचं तोंड हलताना पाहत अक्षता मुठीत धरून उभे असतात. चार अक्षता उशिरा पडल्या तर कोणाचं काय बिघडतं? कोणाचंच नाही. पण हे संघदीपला सांगून पाहा. त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ होतात आणि तो तुमच्याशी दिवसभर बोलत नाही.

तो आधी असा नव्हता. चांगला हसरा, बोलका माणूस होता. केळापूरकडच्या खेड्यातून वणीला आला, फोटो स्टुडिओत राबला, लग्नाच्या शूटिंगमध्ये हात बसला. लॉकडाऊनमध्ये माणसांना लग्नाला जाता येईना, तेव्हा यानं मोबाइलवरून घरोघरी लग्नं दाखवली आणि गावभर नाव केलं. तेच नाव ऐकून यवतमाळचा अंकुर त्याला शोधत आला. अंकुर एका बातम्यांच्या चॅनेलचा प्रतिनिधी. त्याला कॅमेरा धरणारा आणि बॅग वाहणारा माणूस हवा होता.

बॅग म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पूर्वी बातमीसाठी छतावर तबकडी बसवलेली मोठी गाडी यायची. आता जिल्ह्याच्या कोपऱ्यात ती गाडी कोण पाठवतं? आता पाठीवर एक काळी बॅग असते. तिच्यात निरनिराळ्या कंपन्यांची मोबाइलची सिमं. कॅमेऱ्यातून केबल बॅगेत जाते, बॅग त्या चित्राचे बारीक बारीक तुकडे करते, आणि ज्या सिमला जशी रेंज असेल तसे तुकडे तिच्यावरून धाडते. मुंबईत ते तुकडे पुन्हा जोडतात आणि मग ते टीव्हीवर येतं. बाप्पा, काय डोकं चालवलं असेल कोणी!

संघदीपचं पहिलं लाइव्ह भीमजयंतीच्या मिरवणुकीचं होतं. मिरवणूक त्याच्याच घरावरून गेली. बेबीताई, म्हणजे त्याची आई, शेजारणींना गोळा करून टीव्हीपुढं बसली होती. संध्याकाळी घरी आला तर म्हातारी म्हणाली, "काहून रे, दारातून ढोल वाजत गेला, आमी पाहून, हात जोडून परत येऊन बसलो, आन टीव्हीवर थो ढोल आता कुठं येऊन राह्यला! हे कसलं तुहं लाइव्ह?"

सगळ्या बाया हसल्या. तोही हसला. मग त्यानं आईला समजावलं. "असं पाय माय. वरात पाच ऑटोत बसून निघाली. एक ऑटो सुसाट गेला, एक फाटकात अडकला. पण शेवटचा ऑटो आल्याबिगर लग्न लागते का? नाही. तसं मुंबईवाले तुकड्यायची वाट पाहतात. त्याले डिले म्हणतात. रेंज चांगली असली तं कमी ठेवाचा, रेंज खराब असली तं वाढवाचा. वाढवला नाही तं चित्र फाटते."

"मंग लाइव्ह म्हणू नोका ना," बेबीताई म्हणाली. म्हातारीच्या तोंडाला लागू नये हेच खरं.

दोन-अडीच वर्षं बरी गेली. खाणीतला संप, कापूस खरेदीची रांग, कळंबच्या चिंतामणीची यात्रा, सगळं संघदीपनं पाठीवर वाहिलं. बॅग तापायची, सदरा पाठीला चिकटायचा, कानातल्या बोंडातून मुंबईचं डेस्क, म्हणजे चॅनेलच्या ऑफिसात बसून हुकूम सोडणारे लोक, किंचाळायचं. पण रस्त्यानं जाताना पोरं 'लाइव्हवाले भाऊ' म्हणून हाक मारायची, आणि त्याला ते आवडायचं. आवडेल नाही तर काय!

मग भाद्रपदातला तो दिवस आला. वरच्या अंगाला धो धो कोसळलं आणि पिंपळडोहचा नाला फुगला. या गावाजवळ नाल्यावर उंच पूल नाही, ठेंगणा रपटा आहे, पाणी चढलं की रस्ता बंद. सकाळी कोळसा खाली करून परतणारा एक ट्रक पाणी कमी आहे असं समजून रपट्यावर शिरला आणि मधोमध बंद पडला. पाणी वाढत गेलं. ड्रायव्हर टपावर चढून बसला. त्याचं नाव किसनसिंग राठोड, नाल्याच्या अलीकडंच, वणीच्या वाटेवर त्याचा तांडा.

अंकुर आणि संघदीप पोचले तेव्हा दोन्ही काठांवर ही गर्दी. गावातली वीज गेलेली, एकच टॉवर आणि तोही मरतुकडा, त्यात जो तो मोबाइल उंच धरून शूटिंग करून राह्यला होता. फोन कोणाचाच लागत नव्हता. संघदीप समाजमंदिराच्या गच्चीवर चढला. तिथून अख्खा रपटा समोर दिसायचा. त्यानं कॅमेरा लावला, झूम केला, आणि किसनसिंगचा चेहरा हातभर अंतरावर आला. चाळिशीचा माणूस, दाढी वाढलेली. पाणी उडालं की बाहीनं तोंड पुसायचा. एकदा त्याला गच्चीवरचा कॅमेरा दिसला तर त्यानं चक्क हात हलवला. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ संघदीप आजही सांगेल. आवाज मात्र त्यानं कधी ऐकला नाही.

तालुक्याचं बचाव पथक आलं. त्याचा म्होरक्या पंजाबराव, होमगार्डमधला दणकट माणूस, पुरातून माणसं काढण्यात हात बसलेला. रबरी बोट त्या धारेत टिकणार नाही हे त्यानं पाहताक्षणी ओळखलं. त्यानं दुसरी तोड काढली. वरच्या अंगाला नाला वळण घेतो, तिथं टेकाड आहे. त्या टेकाडावरून दोर बांधलेली ट्रकची फुगवलेली ट्यूब धारेत सोडायची. धारच तिला ट्रकपाशी नेते. तोवर दोराला ढील देत राहायचं. माणसानं ट्यूब काखेत घेतली की त्याच क्षणी ढील बंद, दोर ताठ, आणि ओढा. ढील जरा जास्त गेली तर ट्यूब माणसासकट रपट्याच्या खालच्या भोवऱ्यात जाते, आणि त्या भोवऱ्यातून कोणी वर येत नाही.

अडचण एकच होती. टेकाडावरून ट्रक दिसत नव्हता, मधे वळण आणि बाभळीचं बन. पाण्याचा आवाज असा की कानात ओरडलं तरी ऐकू येऊ नये. म्हणून पंजाबरावनं गावचे कोतवाल वामनराव यांना वळणावरच्या दगडावर उभं केलं. त्यांना तिथून ट्रकही दिसायचा आणि टेकाडही. त्यांच्या हातात त्यांचाच लाल दुपट्टा. किसनसिंगनं ट्यूब धरली की दुपट्टा हलवायचा, एवढंच काम. बापजाद्यांपासून या नाल्यावर असंच चालत आलेलं.

पण दोर धरायला माणसं कमी पडत होती. पाण्याची ओढ पाहून पंजाबराव समाजमंदिरापाशी आला, आणखी माणसं मागायला. वर पाहून म्हणाला, "भाऊ, तुले वरून सगळं दिसते का?"

"सगळं दिसते," संघदीप म्हणाला, आणि मग जे बोलला ते अगदी चांगल्या मनानं बोलला. "आमचं चॅनेल लावा ना मोबाइलवर. लाइव्ह चालू हाय. टेकाडावर वणीकडच्या टॉवरची रेंज येते, तुमाले ट्रक समोर दिसल."

पंजाबरावचा चेहरा खुलला. "अरे वा राजा! मंग वामनरावले कायले उन्हातान्हात दगडावर ठेवू? थो बी दोराले हात लावल." आणि तो गेला. खाली अंकुर लगेच माइक घेऊन बोलू लागला, की आमच्या चॅनेलच्या थेट चित्रांच्या मदतीनं बचावकार्य सुरू आहे. वामनराव दगडावरून उतरून टेकाडाकडं जाताना संघदीपला दिसले. दुपट्टा त्यांनी डोक्याला गुंडाळला होता.

हे झालं तेव्हा डिले थोडा होता. थोडा तरी होताच. दिवसरात्र लाइव्ह लाइव्ह म्हणणाऱ्या माणसाच्या ते ध्यानातच राहत नाही, मीठ खाणाऱ्याला मिठाची आठवण राहत नाही तसं. आणि मग कानातलं डेस्क भडकलं. "संघदीप, चित्र तुटतंय! चौकोन चौकोन दिसतायत! दुसऱ्या चॅनेलचं बघ किती स्वच्छ आहे. डिले वाढव!"

त्यानं बॅगेच्या चिमुकल्या पडद्यावर बोट ठेवलं आणि डिले वाढवला. मोबाइलवरचं चॅनेल तर टीव्हीपेक्षाही आणखी मागं चालतं. मनात टेकाडावरच्या मोबाइलचा विचार आला का? आला. खोटं कायले बोलायचं? पाल चुकचुकली. तो खाली वाकून "अंकुरभाऊ!" म्हणून ओरडलाही. पण अंकुर बोलत होता, आणि कानात डेस्क म्हणत होतं, "आता मस्त! फ्रेम सोडू नकोस, काहीही झालं तरी फ्रेम सोडू नकोस." त्यानं खिशातून मोबाइल काढून पंजाबरावला लावला. लागला नाही. पुन्हा लावला, नाही लागला. लागणार कसा? गावातल्या त्या मरतुकड्या टॉवरवर बसलेली सगळ्यात मोठी जळू त्याच्याच पाठीवर होती.

तेवढ्यात ट्यूब आली. तो डोळा कॅमेऱ्याला लावून होता. बाभळीच्या आडून काळी ट्यूब गरगरत निघाली, ट्रकच्या दिशेनं झेपावली. काठावर एकच गिल्ला झाला, "धर! धर!" किसनसिंग टपावर उभा राहिला, बाहीनं तोंड पुसलं, वाकला, आणि कोपरानं ट्यूब ओढून काखेत घेतली. बरोब्बर, पहिल्याच झटक्यात. अख्ख्या काठानं टाळ्या पिटल्या.

दोर ताठ व्हायला हवा होता. झाला नाही. तो पाण्यावर ढिलाच लोळत होता आणि वरून आणखी ढील येतच होती. टेकाडावरच्या मोबाइलमध्ये ट्यूब अजून बाभळीआडच होती ना! आता त्याला सगळं एकदम कळलं. त्यानं केबल हिसकून काढली, कॅमेरा तसाच टाकला आणि बॅग पाठीवर घेऊनच जिना उतरून धावत सुटला. कानात डेस्क किंचाळत होतं, काठावरचे लोक "ओढा, ओढा" म्हणून छाती फाडत होते, आणि तो चिखलातून पडत-धडपडत टेकाडाकडं पळत होता.

तो वर पोचला तेव्हा दोर धरून सगळे उभे होते, वामनरावही. पंजाबरावच्या एका हातात मोबाइल. संघदीपनं त्याच्या दंडाला धरून हिसका दिला. "ओढा! ओढा लवकर! त्यानं कवाची धरली!"

"थांब ना बे," पंजाबराव मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला. "आता येऊन राह्यली टूब त्याच्यापाशी. हे पाय, उभा राह्यला."

मोबाइलमध्ये किसनसिंग टपावर उभा होता. बाहीनं तोंड पुसत होता.

"मागचं हाय थे! पंजाबभाऊ, मागचं हाय!" संघदीपनं स्वतःच दोराला हात घातला. मग सगळ्यांनीच ओढला. दोर हलका आला. फार हलका आला. ट्यूब वळणावरून परत आली ती रिकामी.

वामनराव मटकन खाली बसले. डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला आणि त्याच्याकडं बघत राहिले. पंजाबरावच्या मोबाइलमध्ये किसनसिंगनं आत्ता कुठं ट्यूब काखेत घेतली होती, आणि काठावर टाळ्या वाजत होत्या.

किसनसिंग खालच्या अंगाला, झुडपात अडकलेला सापडला. अंग अजून कोमट होतं, पण जीव नव्हता, असं काढणारे म्हणाले. त्याला गाडीत घालून वणीला नेलं. तांड्यावर कळवायला हवं होतं आणि फोन लागत नव्हते. "मी जातो," संघदीप म्हणाला. पंजाबरावनं त्याच्याकडं पाहिलं. "वामनरावले दगडावरून म्या उतरवलं," तो म्हणाला. "चाल, दोघं जाऊ." दोघं एकाच मोटरसायकलवर निघाले.

तांड्यावर वीज होती. किसनसिंगचं घर लांबूनच ओळखू आलं, दारात चपलांचा ढीग होता. आत तांडा जमला होता, बाया, माणसं, पोरं, सगळे टीव्हीपुढं. सगळ्यात पुढं किसनसिंगची बायको भुरीबाई, गुडघे जवळ घेऊन. मागं चुलीवर मोठ्या गंजात पाणी तापत होतं. खुंटीवर धुतलेला सदरा-पायजमा काढून ठेवला होता. भिजून येईल, त्याला अंघोळीला पाणी लागेल, म्हणून.

आणि टीव्हीवर किसनसिंग ट्रकच्या टपावर उभा होता. कोपऱ्यात लाल पट्टी, पट्टीत 'थेट'.

संघदीपनं केबल काढली तेव्हापासून त्याच्याकडून एकही नवं चित्र गेलं नव्हतं. डेस्कवाल्यांनी होतं तेच पुन्हा पुन्हा फिरवायला घेतलं होतं. ट्यूब काखेत घेतली की कापायचं, आणि परत पहिल्यापासून. पट्टी काढायची कोणाला सुचली नाही, की काढायची नव्हती, त्यांचं त्यांना ठाऊक.

दाराशी चिखलानं माखलेले दोघं आणि एकाच्या पाठीवर बॅग पाहून किसनसिंगचा बाप पूनमसिंग लगबगीनं उठला. म्हाताऱ्यानं संघदीपचे दोन्ही हात हातात घेतले. "चॅनेलवाले का तुमी? या बाबू, या. तुमचे लय उपकार झाले. सकायपासून फोन लागून नाही राह्यला, पण तुमच्यामुळं पोरगा डोयासमोर हाय आमच्या. बसा. आता काढतेत पाहा त्याले."

पंजाबराव दाराच्या चौकटीला धरून खाली मान घालून उभा राहिला.

"बापू," संघदीप शेवटी म्हणाला, "थे मागचं हाय. टीव्हीवरचं. थे आताचं नाही."

"मागचं कसं? वर थेट लिवलं हाय म्हणते पोरगी."

"लिवलं हाय. पण मागचं हाय. म्याच काढलं थे."

खोलीत गलका उठला. कोणी म्हणालं, हा कोण सांगणारा. कोणी म्हणालं, पिऊन आलाय. एक पोरगा म्हणाला, "पाहा ना, हात हलवून राह्यला काका!" आणि खरंच किसनसिंगनं कॅमेऱ्याकडं पाहून हात हलवला. लोक हसले. संघदीपला त्याच्याच चित्रानं खोटं ठरवलं होतं, आणि एका क्षणाला, बाप्पा, त्यालाही वाटलं की आपणच खोटे असू तर किती बरं होईल.

भुरीबाईचं या गलक्याकडं लक्षच नव्हतं. ती पडद्याकडं टक लावून होती. किसनसिंगनं बाहीनं तोंड पुसलं. तिचे ओठ हलले.

"आता वाकल थो," ती हळूच म्हणाली. किसनसिंग वाकला. "आता कोपरानं ओढल." त्यानं कोपरानं ट्यूब ओढली. "मघा बी असंच ओढलं होतं त्यानं. त्याच्या आगुदर बी."

गलका आपोआप थांबला. ती वळली. संघदीपच्या चिखलभरल्या पायांपासून वर पाहत तिची नजर त्याच्या तोंडावर आली.

"भिया," भावाला मारावी तशी हाक मारून ती म्हणाली, "हे मागचं हाय तं मंग थो आता कुठं हाय?"

त्यानं सांगितलं. वणीच्या दवाखान्यात ठेवलं आहे, हे सांगितलं, आणि ट्यूब त्यानं बरोबर धरली होती, हेही सांगितलं. दोर का ढिला राहिला तेही बोलायला लागला, पण ते कोणाच्या कानी गेलं नाही. भुरीबाईनं जो टाहो फोडला तो साऱ्या तांड्यानं ऐकला. बायांनी तिला कवेत घेतलं, तिच्या हातातल्या बांगड्या भिंतीवर खळाखळा फुटल्या. चुलीवरच्या पाण्याला उकळी येऊन ते उतू गेलं तरी कोणी उठलं नाही.

ती पट्टी तरी डोळ्यांपुढून जावी म्हणून संघदीप टीव्हीच्या बटनाकडं गेला. त्याचं मनगट कोणीतरी धरलं. पूनमसिंग होता. म्हाताऱ्याची पकड घट्ट होती.

"राहू दे ना बाबू," तो म्हणाला. "थोडा वेळ राहू दे. अजून उभा हाय थो."

संघदीपनं हात मागं घेतला. पडद्यावर बाभळीच्या आडून ट्यूब पुन्हा निघाली आणि गरगरत ट्रककडं आली. या खेपेला घरातलं कोणीच 'धर' म्हणालं नाही.